तेलाला टॉनिक

मोटारसायकलचं ऑइल बदलायला गेलो की आमचा मेकॅनिक एक चपटी बाटली पुढे करतो. "साहेब, हे टाका. इंजिन लोण्यासारखं चालेल!" बाटली ऑइलच्या डब्याहून महाग. टॉनिक नेहमी जेवणापेक्षा महागच असतं म्हणा!

पण डब्यातलं ऑइल म्हणजे काही घाण्यावरचं कोरं तेल नव्हे. काजळी धुणारी, झीज रोखणारी, फेस मोडणारी सगळी द्रव्यं त्यात कंपनीनं मापून घातलेली असतात, इंजिनात चालवून पारखलेली असतात. म्हणजे फोडणीसकट तयार आमटी! तिच्यात पाहुण्यानं खिशातला मसाला ओतला तर आमच्या घरी काय होईल, ते मी लिहीत नाही; माझे लेख ही वाचते. अमेरिकेत १९९७ साली सरकारी व्यापार आयोगानं अशाच एका नामांकित बाटलीला बजावलं होतं, की पुराव्याशिवाय बढाया मारायच्या नाहीत.

तरी एकदा भिडेपोटी टाकलं. आमच्या गाडीचा क्लच त्याच ऑइलात बुडालेला. तो स्लिप होऊ नये म्हणूनच डब्यावर 'जासो एमए' छापलेलं असतं. बाटलीवर तसलं काही नव्हतं. कात्रजच्या घाटात इंजिन गर्जतंय, गाडी जागची हलेना आणि मागे सामानासकट ही! लोणी थेट क्लचपर्यंत पोचलं होतं.

तेव्हा वेळेवर ऑइल बदलावं, बाटलीच्या पैशात आइस्क्रीम खावं, हे माझं ठाम मत.

नव्या क्लचप्लेटा बसवताना मेकॅनिक म्हणाला, "साहेब, क्लचसाठी पण एक बाटली आलीय."