राग कुणावर धरायचा?

मनोरुग्णालय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर उंच भिंती येतात, भिंतीआडचे रुग्ण येतात. त्यांची सेवा करणाऱ्या परिचारिका आणि कक्षसेवक सहसा येत नाहीत. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांत ही माणसे दिवसरात्र पाळ्या करतात आणि कधीमधी मारही खातात.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. बहुतेक मनोरुग्ण कुणावर हात उगारत नाहीत. उलट तेच अनेकदा इतरांच्या माराचे धनी होतात. पण आजार ऐन भरात असताना, कानात धमकावणारे आवाज येत असताना, औषध घेऊन आलेली सिस्टर एखाद्याला विष घेऊन आलेली वैरीण वाटू शकते. मग थप्पड बसते, मनगट पिरगळले जाते.

अशा एका सिस्टरशी मी बोललो. "हाताची सूज चार दिवसांत उतरली," त्या म्हणाल्या, "पण मागे पावले वाजली की अजून दचकते." घरी त्यांनी 'जिन्यात पडले' असे सांगितले होते, नाहीतर 'सोड ती नोकरी' ऐकावे लागले असते. सहकारी म्हणाले, 'आपल्याकडे हे चालायचेच.'

राग तरी कुणावर धरायचा? मनोविकारामुळे आपण काय करतो हेच ज्याला कळत नाही, त्याला कायदा गुन्हेगार मानत नाही. पूर्वीच्या दंड संहितेचे ८४ वे कलम हेच सांगत असे, आजच्या भारतीय न्याय संहितेचे २२ वे कलमही हेच सांगते. ते योग्यच आहे. पण बोलायला जागा न मिळालेला राग आतल्या आत धुमसतो. कधी तो स्वतःवर उलटतो: 'माझेच काही चुकले का?' कधी रुग्णावर निघतो: आवाज चढतो, स्पर्शातली माया आटते, बांधून ठेवण्याची घाई होते.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार रुग्णाला शिक्षा म्हणून, किंवा केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणून बांधता येत नाही. हा नियम मला मोलाचा वाटतो. तो मनापासून पाळला जायचा तर पाळीवर पुरेशी माणसे हवीत आणि त्यांच्या मनातल्या भीतीला वाट हवी. घटना घडली त्याच दिवशी वरिष्ठांनी जवळ बसवून आधी 'तुम्ही कशा आहात?' एवढे विचारावे. चौकशी नंतर होईलच. काही दिवस वॉर्ड बदलून मागण्यात कमीपणा वाटू नये. समुपदेशन त्यांच्याही हक्काचे असावे.

आणि आपल्या घरात कुणी ही नोकरी करत असेल, तर 'सोड ती नोकरी' म्हणण्यापूर्वी त्यांचे एकदा शांतपणे, पुरते ऐकून घ्यावे.