लेझरचा प्रोटॉन अजून प्रयोगशाळेतच

लहान मुलाच्या मेंदूतील गाठीवर किरणोपचार करताना डॉक्टरांना धास्ती असते ती गाठीपलीकडच्या निरोगी मेंदूची. क्ष-किरण गाठीतून आरपार जातात आणि वाटेतल्या सगळ्यांनाच थोडाफार प्रसाद देतात. प्रोटॉनचे तसे नाही. तो आपली बरीचशी ऊर्जा अगदी शेवटी सोडतो आणि तिथेच थांबतो. किती खोलवर थांबायचे, हे त्याच्या वेगावर ठरते. रॉबर्ट विल्सन या भौतिकशास्त्रज्ञाने हा उपयोग १९४६ मध्येच सुचवला होता.

अडचण आहे यंत्राची. प्रोटॉनला वेग देणारा सायक्लोट्रॉन, चुंबकांची रांग, रुग्णाभोवती फिरणारी शंभर टनांच्या आसपासची गॅन्ट्री, वर जाड काँक्रीटच्या भिंती. चेन्नईत एका खासगी रुग्णालयात हे उपचार २०१९ मध्ये सुरू झाले, खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’मध्ये २०२३ साली. एवढ्या मोठ्या देशात केंद्रे बोटांवर मोजण्याइतकीच.

म्हणूनच लेझरच्या बातम्यांनी आशा वाटते. अतितीव्र लेझरचा क्षणभराचा झोत पातळ पत्र्यावर आदळला की इलेक्ट्रॉन उसळून मागच्या बाजूने बाहेर पडतात. त्या ऋणभारित ढगाच्या ओढीने प्रोटॉन त्यांच्यामागे धावतात, आणि तेही केसाच्या जाडीएवढ्या अंतरात वेग घेऊन! अमेरिकेतील लिव्हरमोर प्रयोगशाळेत २००० च्या सुमारास या पद्धतीने ५८ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचे प्रोटॉन मिळाले. जर्मनीतील ड्रेस्डेनच्या शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये १५० चा टप्पा गाठला. एवढ्या ऊर्जेचा प्रोटॉन शरीरात साधारण पंधरा सेंटिमीटर जातो. सर्वात खोल गाठींसाठी २३० च्या आसपास लागतात.

पण बातमीतला आकडा सर्वात वेगवान प्रोटॉनचा असतो, आणि असे प्रोटॉन झोतात थोडेच असतात. बाकीचे कमी-अधिक वेगाचे. शिवाय प्रत्येक झोत आधीच्यासारखा येईलच असे नाही. उपचारात मात्र आज दिलेली मात्रा उद्या तंतोतंत तेवढीच द्यावी लागते. ड्रेस्डेनच्या गटाने २०२२ मध्ये लेझरच्या प्रोटॉनचा नेमका मारा गाठीवर करून दाखवला खरा, पण ती गाठ उंदराच्या कानावरची होती. शिवाय यंत्र लहान झाले तरी किरणोत्सर्ग अडवणाऱ्या भिंती लागणारच.

‘नवे यंत्र येईपर्यंत थांबावे का?’ असा प्रश्न नातेवाईक विचारतात. थांबू नये. बहुतेक गाठींना लिनॅकवरचे आजचे क्ष-किरण उपचार पुरेसे असतात. ज्या मुलाला प्रोटॉनची खरोखर गरज आहे, त्याची कागदपत्रे याच आठवड्यात प्रोटॉन केंद्राकडे जायला हवीत.