मागावरचा माणूस आणि ‘आपण’पणाचा हिशेब

नफा वाढवणे हीच धंद्याची सामाजिक जबाबदारी, असे अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० साली ठासून मांडले आणि त्यांचे नावही न ऐकता भिवंडीच्या यंत्रमाग व्यवसायात ते मत पाळले जाते; मीटरमागे मजुरी चुकती झाली की कारागिराशी नाते संपले, कामात अर्थ शोधणे ही पोट भरलेल्यांची चैन, असा त्यामागचा युक्तिवाद असतो. मागासमोर तो टिकत नाही. बारा तासांच्या पाळीत अनेक माग सांभाळणारा कारागीर खडखडाटातही ताण्याचा तुटलेला धागा हेरतो, माग थांबवून गाठ मारतो, धोट्यातली रिकामी कांडी बदलतो. खोट निघाल्यास मजुरी कापली जाते म्हणून तो दक्ष असतो, असे कोणी म्हणेल, परंतु नवख्याला ती गाठ शिकवणाऱ्या गाववाल्याला त्या शिकवणीचे मीटर कोण मोजून देतो?

हे न मोजलेले नाते दक्षिण आफ्रिकेतील ‘उबुंटू’ हा विचार नीतीच्या केंद्रस्थानी ठेवतो: माणूस इतर माणसांमुळेच माणूस होतो. तत्त्वज्ञ थॅडियस मेट्झ यांनी त्याची दोन अंगे सांगितली आहेत, ‘आपण’ म्हणून एकत्र जगणे आणि परस्परांच्या हिताची काळजी वाहणे. केवळ दिवाळीचा बोनस देणाऱ्याच्या ठायी पहिले अंग नसते. ‘आपण एक कुटुंब’ म्हणत दर पाडणारा तर दुसरे बुडवून पहिल्याचे नुसते नाव घेतो, आणि ही दुसरी लबाडी अधिक घातक होय.

हा विचार परका म्हणून झटकणाऱ्यांनी भिवंडीचाच इतिहास पाहावा. १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या या शहरात पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या, हिंदू आणि मुस्लीम या दोन्ही समाजांचे शेजारी एकत्र बसू लागले, आणि डिसेंबर १९९२–जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली.

मागमालक स्वतःच व्यापाऱ्याचे सूत घेऊन ठरावीक दराने कापड विणून देत असतो, त्यामुळे त्याचे हात बांधलेले असतात, हा आक्षेप मात्र खरा आहे. म्हणूनच दर ठरवण्याच्या आणि मंदीत माग बंद ठेवण्याच्या बैठकीत व्यापारी, मालक आणि कारागीर या तिघांनाही जागा हवी. आज त्या बैठकीत कारागिराची जागा रिकामी आहे.