डोंगराआड उतरण्याआधीच वायरलेसवर सांगा

भाताची कापणी आली की कामशेतच्या डोंगरांवरून रंगीत पॅराग्लायडर उडू लागतात. गावात त्याला पॅराशूटच म्हणतात. एखादं वाट चुकून शिवारात आलं की पोरं मागे पळतात आणि पोरांमागे अर्धं गाव. आम्हा शेतीखात्याच्या माणसांना धास्ती उभ्या इंद्रायणीची. उतरणारा एकटा असतो, बघे पन्नास. भात तुडवला जातो तो त्या पन्नासांच्या पायांनी.

पण भातापेक्षा जीव मोठा. या छत्रीला इंजिन नसतं. चढता वारा मिळाला तर वर जाते, नाही तर सेकंदाला साधारण १ मीटर खाली येते. म्हणजे ३०० मीटर उंचीवरच्या माणसाच्या हातात जेमतेम ५ मिनिटं. ठरलेल्या माळावर पोचत नाही, हे त्याला तेव्हाच कळलेलं असतं. वायरलेसवर बोलायची वेळ तीच. उतरल्यावर कळवू म्हणणाऱ्याने ध्यानात घ्यावं, की मध्ये डोंगर आला की वायरलेस मुका होतो. नाणे मावळ काय, अंदर मावळ काय, खोऱ्यात आत शिरलं की मोबाईलच्या रेंजचाही भरवसा नाही. पाय मोडून पडल्यावर हाक कोण ऐकणार? शेवटच्या १०० मीटरमध्ये मात्र बोलत बसू नये. तेव्हा हात दोऱ्यांवर आणि डोळे विजेच्या तारांवर हवेत.

मदत लागलीच नाही तर हसं होईल, असं तरुण पोरांना वाटतं. होऊ द्या हसं! सुखरूप उतरल्यावर वाट काढून पुन्हा तेवढंच कळवा, म्हणजे झालं. नाहीतर लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रची मंडळी अंधारात डोंगर पालथा घालणार आणि हा गडी कुणाच्या तरी पडवीत चहा पीत बसलेला.

नकाशातले आकडे जरूर सांगा, पण गावाचं नावही सांगा. देवळाच्या अंगाला की ओढ्यापलीकडे, तेही. आमच्या पोलीस पाटलांना आकड्यांवरून जागा सापडायची नाही, ओढ्यावरून लगेच सापडेल. उडायला शिकवणाऱ्यांनी हंगामाआधी पोलीस पाटील आणि सरपंचांचे फोन नंबर लिहून घ्यावेत, आपलेही द्यावेत. ग्रामपंचायतीने ते फलकावर लावले तर काही बिघडत नाही.

शेतकरी बंधूंनीही एक खूण लक्षात ठेवावी. उतरल्यावर त्याने छत्री गोळा केली, तर बहुधा ठीक आहे. पसरलेलीच राहिली, तर जाऊन बघा. पाठीला मार असेल तर उचलून बसवू नका, १०८ ला फोन लावा. छत्री तारेत अडकली असेल तर हात लावू नका, माणसालाही नाही. आधी महावितरणला सांगून वीज बंद करून घ्या. बघ्यांना मात्र बांधावरच थोपवा. भाताच्या भरपाईचं बोलणं माणूस उभा राहिल्यावर, तिथल्या तिथे आणि चार जणांसमोर करावं.