म्हणे अचानक बिघाड!

मार्च 2022 मधली गोष्ट. महापारेषणच्या भोसरी 220 केव्ही उपकेंद्रातला 100 एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि भोसरी-आकुर्डीची वीज गेली. टपरीवर निदान तयारच होतं: "उन्हाळा आहे, लोड वाढला, अचानक उडाला."

या 'अचानक'वरच माझा राग आहे.

मोठा ट्रान्सफॉर्मर सहसा न सांगता जात नाही. (गल्लीतल्या डीपीचं सोडा, तिचं तेल तपासत बसणं कुणालाच परवडत नाही.) आतलं तेल आणि वेटोळ्यांवरचा कागद बिघडू लागला की वायू सुटतात आणि तेलातच विरघळतात. तेल फार तापलं तर इथिलीन, आत आर्क होत असेल तर अॅसिटिलीन, कागद करपू लागला तर कार्बन मोनॉक्साइड. काचेच्या सिरिंजमध्ये, बुडबुडा न येऊ देता, थोडं तेल काढायचं आणि प्रयोगशाळेत पाठवायचं. दहा लाख भागांत दोन-चार भाग वायू असला तरी कळतो. कॅनडातल्या मिशेल दुवाल यांनी तीन वायूंच्या प्रमाणावरून दोष ओळखायचा त्रिकोण 1974 मध्येच मांडला. म्हणजे हे काही कालचं शास्त्र नाही.

मी एका कारखान्यात देखभाल खात्यात होतो. आमच्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात अॅसिटिलीन आधी 3, सहा महिन्यांनी 11, मग 26. मी लेखी कळवलं, बंद करून उघडू या. साहेबांनी काय करावं? तेल फिल्टर करून घेतलं! त्या मशीनच्या व्हॅक्यूममध्ये वायू निघून जातात. पुढचा अहवाल अर्थातच स्वच्छ, शेरा 'समाधानकारक'. थर्मामीटर झटकून पारा खाली आणला, ताप होता तिथेच. चार महिन्यांनी बुशिंग फुटलं, जळतं तेल अंगणभर उडालं. आमचा हेल्पर दोन मिनिटं आधी चहाला गेला होता म्हणून वाचला. चौकशीत कारण लिहिलं, 'आकस्मिक बिघाड'. माझं पत्र त्याच फायलीत होतं.

खासगी कारखान्याचं एक वेळ जाऊ द्या. पण सार्वजनिक उपकेंद्रातल्या ट्रान्सफॉर्मरचे पैसे आपल्या वीजबिलातून जातात. वीज नियामक आयोगापुढे दरवाढीची सुनावणी होते तेव्हा आपण युनिटच्या पैशांवरून भांडतो. तिथे हेही मागा ना: जळालेल्या प्रत्येक मोठ्या ट्रान्सफॉर्मरचे मागच्या पाच वर्षांचे वायूंचे आकडे, तारखांसकट. आणि तेल कधी फिल्टर केलं, ती तारीखसुद्धा.