सेन्सर निसटतो तेव्हा

मेलबर्नमध्ये जुलैच्या रात्री घर चांगलंच गारठतं. त्याच घरातल्या रीफ टँकचं, म्हणजे प्रवाळाच्या टाकीचं, पाणी मात्र 25-26 अंशांवर ठेवावं लागतं. ते राखणारा तापमानाचा सेन्सर कित्येक घरांत एका सक्शन कपाच्या भरवशावर काचेला चिकटवलेला असतो. कप सुटून सेन्सर पाण्याबाहेर आला, की त्याला खोलीतली थंड हवा लागते. पाणी गार झालंय असं समजून कंट्रोलर हीटर चालूच ठेवतो. हीटर नीट, कंट्रोलर नीट. सकाळी टाकीतलं प्रवाळ मात्र मेलेलं.

ग्रेट बॅरियर रीफवर उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल पातळीपेक्षा पाणी अंशभर जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तरी प्रवाळ पांढरं पडू लागतं. 2016, 2017, 2020, 2022 आणि 2024 साली तिथे मोठ्या प्रमाणावर हेच झालं. टाउन्सव्हिलजवळ ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्सने 2013 मध्ये नॅशनल सी सिम्युलेटर उभारला. त्यातल्या टाक्यांमध्ये तापमान काटेकोर राखून हा ऱ्हास अभ्यासला जातो. घरातल्या टाकीतला प्राणी त्याच जातकुळीचा. क्वीन्सलँडच्या समुद्रातून परवानाधारक पाणबुड्यांनी तो हाताने गोळा केलेला असू शकतो. म्हणूनच उपकरणं पक्की बसवणं ही त्या जिवाप्रती असलेली जबाबदारी आहे. तिला हौशीतली बारीकसारीक बाब म्हणणं चूक आहे.

सक्शन कप या कामाला पुरत नाही. खाऱ्या पाण्यात तो कालांतराने कडक होतो. शिवाय प्रवाळाच्या वाढीसाठी पाण्यात जे कॅल्शियम घातलं जातं, त्यावरच कोरलाइन शैवालाचा जांभळट, खरखरीत थर पोसला जातो. तो काचेवर पसरत कपाच्या कडेखाली शिरला की पकड संपली. सेन्सर आणि हीटर सम्पमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या, उपकरणांसाठीच्या टाकीत) कडेला अडकवलेल्या पीव्हीसी किंवा अ‍ॅक्रिलिकच्या पट्टीला नायलॉनच्या केबल टायने बांधावेत. हीटर नेहमी पाण्यात पूर्ण बुडेल एवढा खाली हवा. काचेचा हीटर तापलेला असताना उघडा पडून पुन्हा पाण्यात गेला, तर तडकतो.

लाटांच्या पंपांसाठी लोहचुंबक बरं: अर्धा भाग काचेच्या आत, अर्धा बाहेर. पण अंतर वाढलं की चुंबकाची ओढ झपाट्याने घटते. त्यामुळे 10 मिलिमीटर काचेसाठीचा पंप 15 मिलिमीटरच्या काचेवर लावणं धोक्याचं. तो थरथरत घसरतो आणि तळाची वाळू प्रवाळावर उडवतो. दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. निओडिमियमच्या चुंबकात लोखंड असतं आणि त्यावरच्या आवरणाला बारीक चीर गेली की आत गंज धरतो. चुंबक फुगतं, धातू पाण्यात उतरतात आणि कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ यांना ते सोसत नाहीत. फुगलेलं चुंबक त्याच दिवशी बाहेर काढावं. रंगवून किंवा चिकटवून पुन्हा वापरू नये. खाऱ्या पाण्यात स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूलाही खड्डे पडतात. तिथे टायटेनियम किंवा नायलॉनच हवं.

पाण्याच्या पातळीवर चालणाऱ्या फ्लोट स्विचचं तसंच. तो वर सरकला किंवा एखादी गोगलगाय त्यावर बसली, तर बाष्पीभवनाची भरपाई करणारा पंप गोडं पाणी ओततच राहतो आणि क्षारता कोसळते. वर दुसरा स्विच असावा. गोड्या पाण्याचा साठाही इतका लहान असावा, की तो सगळा टाकीत रिकामा झाला तरी अनर्थ होऊ नये.

उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की टाकीच्या काठावर क्लिपने पंखे लागतात, आणि इथे प्रश्न माणसाच्या जिवाचा होतो. 230 व्होल्टचा पंखा किंवा वर टांगलेला दिवा मिठाच्या पाण्यात पडणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. दिव्याला दुसरी साखळी हवी. वायर प्लगच्या खाली झोळ देऊन वर न्यावी, म्हणजे थेंब सॉकेटपर्यंत न जाता खालीच गळतो. आणि त्या सर्किटला 30 मिलिअँपिअरचा सेफ्टी स्विच हवाच.

येत्या रविवारी मेन स्विच बंद करून टाकीतली आणि सम्पमधली प्रत्येक वस्तू हाताने ओढून पाहा. जी हलेल ती त्याच दिवशी नव्याने बसवा, आणि सुरुवात सेन्सरपासून करा.