पाण्यावरची गाडी आणि गच्चीवरचे ऊन

पाण्यावर चालणाऱ्या गाडीची चित्रफीत अधूनमधून घराघरांतल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर येतेच. सोबतची ओळही ठरलेली असते : तेल कंपन्या हा शोध बाहेर येऊ देत नाहीत, म्हणून पुढे पाठवा. पेट्रोलने शंभरी ओलांडल्यापासून अशा चित्रफितींना ऊत आला आहे. आमच्याकडे येणाऱ्या पत्रांतही हीच विचारणा असते. सोलर, हायड्रोजन, पाण्याचे किट, वीज वाचवणारा डबा, यांतले खरे काय आणि थापा कोणत्या? प्रश्न विज्ञानाचा वाटला, तरी तो घरातल्या पुंजीचा आहे. मुलीच्या लग्नासाठी किंवा हजसाठी बाजूला ठेवलेले पैसे अशा वस्तूंत अडकतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९९६ साली तामिळनाडूतल्या राजपाळयम भागातल्या रामर पिल्लै नावाच्या तरुणाने जाहीर केले की, एक जडीबुटी पाण्यात उकळली की पेट्रोलसारखे इंधन तयार होते. देशभर गाजावाजा झाला. त्याने वैज्ञानिकांपुढे प्रयोग करून दाखवले, आणि पाण्यावर खरोखरच पेटणारा द्रव तरंगू लागला. मद्रासच्या आयआयटीत मात्र भांडे ढवळायच्या काठीवर नजर गेली. काठी पोकळ होती, आत इंधन भरून तोंड मेणाने बंद केलेले. गरम पाण्यात मेण वितळले की इंधन वर येई! एवढे होऊनही माणूस थांबला नाही. पुढे त्याने आपले ‘हर्बल पेट्रोल’ विकायला काढले. सीबीआयच्या तपासात ते नाफ्था, टोल्युईन अशा खनिज तेलापासून निघणाऱ्याच पदार्थांचे मिश्रण ठरले. २०१६ मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने त्याला ३ वर्षांची शिक्षा सुनावली. दाव्यापासून निकालापर्यंत २० वर्षे गेली, आणि आजही ‘बिचाऱ्याचा शोध दाबला’ म्हणणारे भेटतात.

लोक अशा माणसावर विश्वास का ठेवतात? खेड्यातल्या गरिबाच्या पोराने मोठमोठ्या कंपन्यांना हरवावे, असे आपल्याला मनापासून वाटते. त्यात वाईट काहीच नाही. मात्र विकणाऱ्यालाही ते पक्के ठाऊक असते.

शिकलेली माणसेही यातून सुटत नाहीत. २०१२ मध्ये पाकिस्तानात सिंधमधल्या खैरपूरच्या आगा वकार नावाच्या तंत्रज्ञाने ‘वॉटर किट’ लावलेली गाडी आणली. वाहिन्यांवर ती धावताना दिसली, खुर्शीद शाह यांच्यासारख्या केंद्रीय मंत्र्याने तिची बाजू उचलून धरली, आणि अणुशास्त्रज्ञ अब्दुल कादीर खान यांनीही पाठराखण केली. रसायनशास्त्रज्ञ अता-उर-रहमान आणि भौतिकशास्त्रज्ञ परवेझ हूदभॉय हे निसर्गनियमात बसत नाही म्हणून सांगत होते, पण त्यांचे बोलणे बेसूर वाटत होते. किट बाजारात काही आले नाही.

हिशेब असा आहे. हायड्रोजन जळाला की पाणी होते. म्हणजे पाणी ही हायड्रोजनची राख. चुलीतली राख पुन्हा पेटवून भाकरी भाजता येत नाही. तिचे लाकूड परत करायचे तर जळताना निघालेली सगळी ऊर्जा आधी आत घालावी लागेल. पाण्याचेही तेच. १ किलो हायड्रोजन पाण्यातून काढायला साधारण ५० युनिट वीज लागते. त्या हायड्रोजनमध्ये वापरता येईल अशी ऊर्जा असते ३३ युनिटच्या आसपास, आणि गाडीतल्या यंत्रणेतून चाकापर्यंत पोहोचते त्याच्याही निम्मी. गाडीच्याच बॅटरीवर पाणी फोडून त्याच गाडीचे इंजिन चालवणे म्हणजे विहिरीतून बादलीभर पाणी काढायचे, वाटेत अर्धे सांडायचे आणि विहीर भरत चालली आहे असे म्हणायचे.

गोंधळ होतो तो इथेच, कारण हायड्रोजनची गाडी खोटी नाही. मार्च २०२२ मध्ये नितीन गडकरी टोयोटाच्या ‘मिराई’ गाडीतून संसदेत आले, ती हायड्रोजनवरच चालते आणि मागच्या बाजूने पाणीच सोडते. २०२३ मध्ये केंद्र सरकारने हरित हायड्रोजनचे राष्ट्रीय अभियानही मंजूर केले. मात्र तिथे कुणी पाणी हे इंधन आहे असे म्हणत नाही. सूर्य आणि वाऱ्याची वीज वापरून हायड्रोजन काढायचा आणि खत, पोलाद, तेलशुद्धीकरण अशा उद्योगांत वापरायचा, असा तो विचार आहे. महाग आहे, अवघड आहे, यशाची खात्री कुणी देत नाही. हे सगळे त्याच्याच कागदपत्रांत लिहिलेले असते, म्हणूनच आम्हाला त्याबद्दल अधिक भरवसा वाटतो.

अशा दोन-चार थापा पाहिल्या की काही मंडळी दुसऱ्या टोकाला जातात. हे सोलर-बिलरही असेच, म्हणतात. आम्हाला हे मान्य नाही. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा सौर घट दाखवला, तेव्हा पडलेल्या उन्हापैकी सुमारे ६ टक्क्यांचीच वीज होत होती, आणि हा आकडा त्यांनी लपवला नव्हता. आज बाजारातले चांगले पॅनल २० टक्क्यांच्या पुढे आहेत. एका रात्रीत काही झाले नाही. सत्तर वर्षे कण्हतकुथत, मोजत, सुधारत हे काम चालले आहे.

तरीही दारात आलेल्या एजंटाचा प्रत्येक शब्द खरा मानायचे कारण नाही. १ किलोवॅटचे पॅनल आपल्याकडे सरासरीने दिवसाला ४ युनिटच्या आसपास वीज देते, म्हणजे महिन्याला १२०. कोकणात आषाढ-श्रावणात याहून बरीच कमी. त्याला सावली नसलेली साधारण १०० चौरस फूट जागा लागते. शेजारच्या टाकीची सावली पडली तरी फरक पडतो, आणि धूळ पुसावीच लागते. पॅनल २५ वर्षे टिकते म्हणतात ते ठीक, पण इन्व्हर्टर तेवढा टिकत नाही. मध्ये एकदा तो बदलायचा खर्च धरावा.

आणखी एक गोष्ट विक्रेते हळूच गिळतात. बॅटरी नसलेली, सरकारी तारेला जोडलेली यंत्रणा वीज गेली की बंद पडते, भर दुपारी ऊन असले तरीही. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या गच्चीवरून शॉक बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. लोडशेडिंगला कंटाळून सोलर घेणाऱ्या घरांनी हे आधी विचारावे. बॅटरी घेतली तर किंमत बरीच वाढते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्य घर योजनेत घरगुती जोडणीला १ किलोवॅटसाठी ३०,०००, दोनसाठी ६०,००० आणि तीन वा अधिकसाठी ७८,००० रुपये अनुदान ठरले. ते यंत्रणा बसून तपासणी झाल्यावर खात्यात येते, म्हणजे आधी पैसे आपल्यालाच उभे करावे लागतात. बँका कर्ज देतात, पण ते व्याजाचे, आणि आपल्यातली अनेक घरे तिथेच थांबतात. अशांनी तीन किलोवॅटचा हट्ट धरू नये. पंखे, दिवे, फ्रिज, टीव्ही एवढाच पसारा असलेल्या घराला १ किलोवॅटही पुष्कळ आहे, आणि ती रक्कम बचतीतून उभी राहू शकते. मशिदीची जोडणी घरगुती नसते, तिला हे अनुदान नाही. तरी जुम्याच्या गर्दीला पंखे लागतात ते ऐन उन्हाच्या वेळी, त्यामुळे विश्वस्तांनी हिशेब मांडून पाहायला हरकत नाही.

सॉकेटमध्ये खोचायच्या ‘पॉवर सेव्हर’ डबीबद्दल थोडक्यात. आत बहुधा एक कपॅसिटर आणि एक लुकलुकणारा दिवा असतो. घरगुती मीटर प्रत्यक्ष वापरलेले युनिट मोजतो, आणि या डबीने ते कमी होत नाहीत. विकणारा मीटरवर काही दाखवू लागला तर त्याला म्हणावे, डबी महिनाभर ठेव, पुढच्या बिलानंतर पैसे घेऊन जा.